श्वास ओळीच्या मध्येच तुटला

मित्रांनो, शस्त्रक्रियेच्या खोलीत खिडकीच्या गजाला एक काळी, सुरकुतलेली रबरी पिशवी उलटी टांगलेली दिसली, तर जुना फुगा समजून तिला बोटाने टोचू नका. ती मी आहे. टोंगाच्या उत्तरेकडच्या या बेटावर भूल देण्याच्या यंत्राच्या बगलेला लोंबणारी श्वासाची पिशवी. दोन लिटर हवा माझ्या पोटात मावते. सव्वीस वर्षांत किती माणसांचा श्वास माझ्यातून आला-गेला, हे त्या वरच्यालाच ठाऊक.

एक आधीच सांगून ठेवते. माझा स्वभाव शांत नाही. फुगायचे, मिटायचे, पुन्हा फुगायचे, एवढ्यासाठीच मला घडवले आहे. नुसती टांगून ठेवली की माझ्या अंगाची तगमग होते. आजही तीच तगमग आहे, म्हणून तर बोलायला बसले आहे.

माझा जन्म दूर विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. धातूचा साचा रबराच्या पातळ चिकात बुडवायचा, वाळवायचा, पुन्हा बुडवायचा, असे बारा-पंधरा वेळा झाल्यावर मला भट्टीत घातले. त्या काळी भुलेची औषधे ठिणगीने पेट घेत, म्हणून ठिणगी उडू नये यासाठी माझ्या रबरात काजळी मिसळली. असा माझा रंग. मग अंगाला शंखजिऱ्याची पूड फासून मला खोक्यात बंद केले. तीन बोटी बदलून मी इथे पोचले. खोक्याचे झाकण उघडणारा माणूस म्हणजे सेमिसी, या बेटावर भूल देणारा त्या वेळचा एकटाच माणूस. जाड बोटांचा, गडगडाटी हसणारा. रविवारी चर्चमध्ये सगळ्यांत खालचा सूर त्याचा असे. त्याने मला तोंडाने फुगवून पाहिले, गालाशी धरले आणि म्हणाला, "आलीस का बाई. लई वाट पाह्यली तुझी."

असे कौतुक नशिबात असावे लागते.

आता माझे काम सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढचे आख्यान कळायचे नाही. भूल दिलेल्या माणसाचे पोट ताठ राहिले तर सर्जनला आत हात घालता येत नाही. म्हणून शिरेतून स्नायू सैल करणारे औषध देतात. ते अंगात भिनले की सगळे स्नायू सैल पडतात, आणि श्वास घेणारे स्नायूही त्यात आले. छाती निश्चल होते. त्या क्षणापासून त्या माणसाचा श्वास म्हणजे मी, आणि मला दाबणारा हात. श्वास देणारा खरा तो वरचा एकच, हे मी जाणून आहे. तेवढ्या वेळापुरते त्याने ते काम आमच्या हाती सोपवलेले असते.

सेमिसीने लेसिएलीला शिकवले ते माझ्यावरच. लेसिएली तेव्हा वीस वर्षांची होती, काटकुळी, शंकेखोर. सेमिसी म्हणायचा, "डोळे मीट, पोरी. आता दाब. आत काय लागतंय?"

"फुफ्फुस."

"ते मलाही ठाऊक आहे. कसलं?"

"मऊ."

"किती मऊ?"

"तुमच्या पोटाइतकं."

सेमिसी इतका हसला की मीच निसटून खाली पडले. पण त्या दिवसापासून लेसिएलीच्या हाताला माझी भाषा कळू लागली. फुफ्फुस कोरडे असले की मी सहज मिटते. ते ओले, जड झाले की मिटताना मी अडते. बोलता मला येत नाही, माझ्यापाशी आहे ते एवढे अडणेच.

स्नायू सैल करणाऱ्या औषधांचेही स्वभाव असतात बरे का. सर्वांत जुने होते, त्याने अंगावर लाल चट्टे उठत, रक्ताचा दाब कोसळे, कधी छातीच आवळून येई. ते पुढे मागे पडले. दुसरे पॅनक्युरोनियम. सेमिसी त्याला घोडा म्हणे, कारण ते दिले की हृदय दौडू लागते. तिसरे व्हेक्युरोनियम, ते पाहुणा. आपले काम करतो, निघून जातो, हृदयाच्या खोलीत डोकावतही नाही. पण पाहुणा महाग, तो आमच्याकडे क्वचित येई. फ्रीजमध्ये घोडाच बांधलेला असे.

"घोडा कुणाला द्यायचा नाही?" सेमिसी पुनःपुन्हा विचारायचा.

"ज्याच्या हृदयाचं दार अरुंद आहे, त्याला."

ते असे. फुफ्फुसांतून आलेले रक्त हृदयाच्या डाव्या बाजूला एका झडपेतून पुढे जाते. लहानपणी घसा सुजून नंतर सांध्यांचा ताप येतो, अशा मुलांची ही झडप पुढे जाड आणि अरुंद होत जाते. आमच्या बेटांवर अशी मुले फार. हृदय सावकाश चालले तर रक्ताला त्या फटीतून सरकायला सवड मिळते. हृदय धावू लागले की सवड मिळत नाही आणि रक्त मागे तुंबते. मागे काय आहे, तर फुफ्फुसे. तिथल्या बारीक वाहिन्यांत दाब चढतो, पाणी झिरपू लागते, आणि माणूस कोरड्या खोलीत बुडतो.

मित्रांनो, सेमिसी म्हातारा झाला आणि देवाघरी गेला. त्याच्या मागे तीन वर्षांनी नवे यंत्र आले. कुणा दूरच्या देशाने दान दिलेले, पांढरेशुभ्र, काचेच्या नळकांड्यात भाता वरखाली करणारे. कळ दाबली की तेच श्वास देते, हात मोकळे. सगळ्यांनी त्याच्याभोवती उभे राहून फोटो काढले. मला काढून कपाटात ठेवले. कपाटात मी काय केले? तळमळले, दुसरे काय. रबर न वापरता पडले की आधी चिकट होते आणि मग तडकते. मी तडकले नाही, ते पिसिलामुळे. पिसिला ही इथली सर्वांत जुनी परिचारिका. दर शनिवारी ती मला बाहेर काढी, साबणाच्या कोमट पाण्यात धुई, सावलीत वाळवी, पूड लावी. तरण्या पोरी तिला हसत. "पिसिला, ती मेलीय. पुरून टाक."

"तुझी आजीही बोलत नाही हल्ली. तिला पुरलीस का?" पिसिला म्हणे, आणि मला उलटीपालटी करून पाही.

तर तो रविवार.

रविवारी टोंगात विमान उडत नाही, बोट सुटत नाही, दुकान उघडत नाही. सकाळी घरोघरी जमिनीतल्या भट्टीत अरवी आणि पानात गुंडाळलेले मांस पुरायचे, कमरेला मानाची विणलेली चटई बांधायची आणि चर्चला जायचे. पहिली घंटा होऊन गेली होती. तेवढ्यात फूसीला आणले. एकोणीस वर्षांची, रुंद खांद्यांची मुलगी, गायकवृंदात पहिल्या रांगेत उभी राहणारी. पहाटेपासून पोटात कळा. डॉक्टर सायमोनेंनी तपासले. अंडाशयावर मोठी गाठ होती आणि तिला पीळ बसला होता. दुपारपर्यंत काढली नाही तर आत सडणार.

भूल देण्याआधी लेसिएली शस्त्रक्रियेच्या खोलीतच तिला प्रश्न विचारायला बसली. आणि चूक झाली ती इथे.

फूसीशेजारी तिची सेइनी आत्या बसली होती. टोंगात आत्या म्हणजे घरातला सर्वांत वरचा मान. बापसुद्धा बहिणीपुढे आवाज चढवत नाही. भाच्यांनी आत्याचे बोलणे खोडून काढणे तर ऐकिवातही नाही. आत्याबाई भारदस्त होत्या, त्यांनी पंखा हलवत सगळी उत्तरे स्वतःच दिली.

"चालताना दम लागतो का?" लेसिएलीने विचारले.

"आमच्या घराण्यात छातीचं दुखणं नाही," आत्या म्हणाल्या. "हिचा आजा नव्वदीत होडी वल्हवत होता."

"फूसी, रात्री झोपताना..."

"झोपते की. ओंडक्यासारखी. उठवताना माझा हात दुखतो. पुढच्या महिन्यात राजधानीत मोठं संमेलन आहे, त्यात हिला एकटीनं म्हणायचंय. आजारी पोरीला उभं करतील का?"

फूसी खाली मान घालून बसली होती. आत्याबाईंना जरा बाहेर बसा असे म्हणणे लेसिएलीच्या जिभेवर आले होते. पण ती याच बेटावर वाढलेली. तिलाही एक आत्या होती. जिभेवर आलेले तिने गिळले आणि कागदावर लिहिले, तब्येत चांगली. फूसीच्या पाठीला तपासायची नळी लावून घाईघाईने ऐकले. तोवर फूसी कळेने कण्हू लागली होती. फ्रीजमधून घोडा काढून सिरिंजमध्ये भरून ठेवण्यात आला.

मी हे सगळे पाहत होते, कारण शनिवारी धुतलेली मी त्या दिवशी खिडकीलाच वाळत होते.

आमच्याकडे शस्त्रक्रिया देवाचे नाव घेतल्याशिवाय सुरू होत नाही. रुग्ण टेबलावर आडवा झाला की सगळे भोवती उभे राहतात, एक प्रार्थना करतो आणि मग एक गीत म्हणतात, चार सुरांत, वाद्याशिवाय. रुग्णालाही येत असेल तर तोही म्हणतो. मला त्या गाण्याचे वेड आहे. अर्थाबरोबर सूर आणि सुराबरोबर श्वास, असे तिन्ही एकत्र चालले की कान नसलेल्या वस्तूचेही मन भरून येते. डॉक्टर सायमोने चर्चमध्ये प्रवचन करतात, त्यांनी प्रार्थना केली, थोडी लांबलीच. मग त्यांनी सूर दिला, पिसिलाने वरचा धरला, लेसिएलीने मधला. टेबलावरून फूसी गाऊ लागली.

आवाज असा की खिडकीबाहेर चाललेले दोघे थांबले.

पहिली ओळ नीट गेली. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर तिचा श्वास तुटला. एक छोटासा घोट हवेचा, चोरटा, आणि पुन्हा सूर. मित्रांनो, आमच्याकडची गाणारी मुलगी ओळीच्या मध्ये श्वास घेत नाही. पाच वर्षांची असल्यापासून आया चिमटे काढून ते शिकवतात. साठ जणांच्या वृंदात तो तुटका श्वास इतरांच्या आवाजाखाली बुडून जाई. त्या खोलीत आवाज होते चारच.

लेसिएली गायची थांबली.

तिसऱ्या ओळीत श्वास दोनदा तुटला.

गीत संपले. डॉक्टरांनी हात धुवायला सुरुवात केली. लेसिएलीने टेबलाची डोक्याकडची बाजू उचलली आणि फूसीच्या कानाशी वाकली. आत्याबाई बाहेर बाकावर होत्या, दार बंद होते.

"फूसी, लहानपणी गुडघे सुजले होते का गं?"

फूसीने दाराकडे पाहिले.

"इथं कुणी नाही. मी आणि तू."

"सुजले होते," ती म्हणाली. "दर महिन्याला इंजेक्शन असायचं. दोन वर्षं घेतलं. मग आत्या म्हणाली, बरी झालीस."

लेसिएलीने तिला डाव्या कुशीवर वळवले आणि छातीला नळी लावली. या वेळी घाई नाही. ती ऐकत राहिली, ऐकत राहिली. दगडांवरून हातगाडी जावी तशी खोल घरघर होती तिथे. मग नळी गळ्यात अडकवून ती डॉक्टरांकडे वळली.

"डॉक्टर, हिची झडप अरुंद आहे. मी चुकले. मी आत्याबाईंना विचारलं, हिला विचारलंच नाही."

सायमोने ओले हात वर धरून उभे राहिले. "राजधानीला पाठवावी?"

"विमान उद्या."

"उद्यापर्यंत गाठ थांबणार नाही."

 मग लेसिएलीने भरलेली सिरिंज उचलली आणि ट्रेच्या पार कडेला सरकवली. कपाटाच्या मागच्या कप्प्यात हात घालून तिने दोन छोट्या काचेच्या कुप्या काढल्या. पाहुणा. अशाच एखाद्या हृदयासाठी तिने त्या वर्षभर राखून ठेवल्या होत्या. दोनच. मग तिने नव्या यंत्राची नळी काढली आणि खिडकीकडे आली.

"हिला लावणार?" नुकतीच आत आलेली तरणी परिचारिका म्हणाली. "नवं चालू आहे की."

"नव्याला जड-हलकं कळत नाही," लेसिएली म्हणाली. पिसिलाने मला तिच्या हातात दिले.

किती दिवसांनी मला तो हात लागला. पण आनंद करायची ती वेळ नव्हती. तिने लगेच मला यंत्राच्या तोंडाला बसवले.

फूसी झोपली. औषध सावकाश शिरेत गेले. छाती थांबली, नळी आत गेली, आणि तिचे फुफ्फुस माझ्यापाशी आले. मऊ नव्हते, पण दगडही नव्हते. लेसिएलीला भीतीपोटी मला जोरात दाबावेसे वाटत होते. जोरात दाबले तर फुगलेले फुफ्फुस स्वतःच्याच रक्तवाहिन्या चेपते. हळू दाबले तर प्राणवायू कमी पडतो, वाईट हवा साठते आणि त्याच वाहिन्या आक्रसून घेतात. दोन्हीकडून दाब चढणार. मधली वाट बोटभर रुंद. ती वाट सापडेपर्यंत मी तिच्या मुठीत नुसती कासावीस होत होते. मग सेमिसीची सवय तिच्या बोटांत उतरली. डोळे मिटून ती दाबू लागली. नाडी ब्याऐंशी.

अर्धा-पाऊण तास गेला. गाठ निघाली, नारळाएवढी, जांभळी पडलेली. डॉक्टर पोट शिवायला लागले, आणि पाहुणा निघून जाऊ लागला. दुसरी कुपीही संपली होती. फूसीचे पोट हळूहळू ताठ होत होते, आतडी टाक्यांआडून वर येत होती.

"घट्ट आलं गं पोट," सायमोने म्हणाले. "सैल कर."

"औषध संपलं, डॉक्टर."

"ते काय, ट्रेवर भरलेलं आहे."

"ते घोडा आहे."

"थोडंसं दे. एवढंसं. दहा टाके राहिलेत." त्यांनी आतडे आत ढकलले, पोट ओढले.

आणि मी अडले.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सर्वांत अवघड क्षण. यंत्राच्या काचेवर अजून काहीच दिसत नव्हते. बोटाला लावलेली प्राणवायूची चिमटी सत्त्याण्णव दाखवत होती. पण ओढाताणीने फूसीचे हृदय पळू लागले होते, मागे रक्त तुंबत होते, फुफ्फुस भिजत होते. ते मला समजत होते, आणि सांगायला तोंड नव्हते. मी मिटताना अडले. पुन्हा अडले. ऐक बाई, ऐक.

लेसिएलीचा हात थांबला. तिने पुन्हा एकदा, अगदी हलके, दाबून पाहिले.

"डॉक्टर, हात बाहेर काढा."

"काय?"

"ओढू नका. पाच मिनिटं. फुफ्फुस जड झालंय."

एव्हाना नाडी एकशे अठरा झाली होती. सायमोने वयाने मोठे, घराण्याने मोठे. त्यांना कुणी थांबा म्हणत नसे. त्यांच्या कपाळावर आठी चढली. "लेसिएली, तीन वाजता माझं प्रवचन आहे. दहा टाके..."

"सायमोने," पिसिला म्हणाली. पिसिला त्यांची मामेबहीण, आणि मामे-आतेभावंडांना एकमेकांची टर उडवायचा आमच्याकडे पूर्ण हक्क असतो. "तुझं प्रवचन कधी वेळेवर सुरू झालंय? संपायचं तर सोडूनच दे. लोक उशी घेऊन येतात."

पडद्याआडून सायमोनेंचे डोळे आधी रोखले गेले, मग मुखपट्टी हलली. ते हसले. त्यांनी दोन्ही हात बाहेर काढले आणि ओल्या फडक्याखाली फूसीचे पोट झाकून नुसते उभे राहिले.

लेसिएलीने टेबलाचे डोके आणखी वर केले. वेदना शमवणारे औषध शिरेतून थोडे थोडे दिले, पाणी लघवीवाटे काढणारे दिले, भुलेची वाफ किंचित वाढवली. आणि मला दाबत राहिली.  एकशे दहा. एकशे चार. मी अजून अडतच होते. अठ्ठ्याण्णव. नव्वदीला आल्यावर माझ्या कडा जराशा सैल पडल्या, जसे कुणी आतून मूठ उघडत आहे. चौऱ्याऐंशीला मी पूर्वीसारखी मिटले.

"आता," लेसिएली म्हणाली. "हळू."

सायमोनेंनी उरलेले टाके असे घातले की जणू झोपलेल्या बाळाची झबली शिवत आहेत. पिसिला वरून म्हणालीच, "हे एवढं नाजूक तुला येतं, हे ठाऊकच नव्हतं."

पण काम संपले नव्हते. पाहुण्याचा अंमल थोडा उरला होता, वेदनेच्या औषधानेही श्वास दबला होता. त्यावर उतारा असतो, पण त्याच्याबरोबर जे द्यावे लागते ते पुन्हा हृदयाला पळवते. लेसिएलीने उतारा दिला नाही. तिने स्टूल ओढले आणि बसली. त्याचे त्याला जाऊ दे, तोवर मी दाबते.

तो दीड तास फार मोठा होता. चर्चची दुपारची घंटा झाली. डॉक्टरांनी निरोप धाडला होता, त्यांच्या जागी दुसरे कुणी प्रवचनाला उभे राहिले. खिडकीतून वृंदाचे गाणे येऊ लागले. फूसीची जागा रिकामी होती, वरचा सूर बारीक वाटत होता. तरण्या परिचारिकेने लेसिएलीला म्हटले, "मी दाबते थोडा वेळ, तुमचा हात बघा कसा सुजलाय." लेसिएलीने मान हलवली. मीही थकले होते. देवा, एवढी एक मुलगी सोड, असे मनात म्हणत होते.

मग एका दाबाच्या आधीच, कुणी हात न लावता, माझी कड आत ओढली गेली.

लेसिएली थबकली. तिने हात उचलला. मी मोकळी लोंबत होते. क्षणभर काही नाही. मग पुन्हा, आतून, अगदी अशक्त, पण स्वतःचा. फूसी श्वास घेत होती. बाळाने पदर ओढावा तसा तिने मला ओढला. सव्वीस वर्षांत हजारो वेळा हे झाले असेल, पण त्या दिवशी मला रडू येण्याची सोय असती तर मी रडले असते. लेसिएली रडली. पिसिलाने तिला दटावले, "डोळे पूस, नळी काढायचीय."

सोमवारी सकाळी फूसी शस्त्रक्रियेच्या खोलीला लागून असलेल्या छोट्या खोलीत खाटेवर होती, पाठीला टेकून बसलेली, नाकाशी प्राणवायू. मला धुवून या वेळी तिथल्याच खिडकीला वाळत घातले होते. दुपारच्या विमानाने तिला राजधानीला पाठवायचे होते, पुढे झडपेची शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे. लेसिएली पत्र लिहायला बसली. शेजारी सेइनी आत्या, पंखा मांडीवर मिटलेला. लेसिएलीने रात्रीच त्यांना सगळे सांगितले होते, सौम्यपणे, आणि स्वतःची चूक आधी सांगून. आत्याबाई रात्रभर खाटेशेजारून हलल्या नव्हत्या.

"फूसी, झोपताना किती उशा लागतात?" लेसिएलीने विचारले.

फूसीने सवयीने आत्याकडे पाहिले.

आत्याबाईंचे ओठ उघडले. मिटले. त्या उठल्या. भारदस्त बाई, उठायला वेळ लागला. त्यांनी फूसीच्या अंगावरचे पांघरूण सारखे केले आणि म्हणाल्या, "मी बाहेर बसते. तू बोल." दारापर्यंत गेल्या, थांबल्या, पाठ वळवूनच म्हणाल्या, "सगळं बोल. मला वाईट वाटंल म्हणून काही ठेवू नको." आणि दार ओढून घेतले.

आमच्या बेटावर कुठल्या आत्याने भाचीसाठी खोली सोडल्याचे मी पाहिले नव्हते.

फूसीने आधी दोनदा श्वास भरून घेतला. मग म्हणाली, "तीन. दोनावर झोपले तर बुडल्यासारखं होतं." मग आणखी. जिना चढताना थांबावे लागते, मैत्रिणींना चप्पल निसटली म्हणून सांगते. पहाटे खोकला येतो, तोंडावर उशी धरते, आत्या जागी होऊ नये म्हणून. दोन वर्षांपासून. लेसिएली लिहीत होती, तिचा सुजलेला हात सावकाश चालत होता, आणि एकदाही तिने घाई केली नाही.

मित्रांनो, मी साधी रबराची पिशवी. माझे आयुष्य आता फार उरलेले नाही, गळ्यापाशी एक बारीक चीर दिसू लागली आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तू धुऊन, पुसून, सावलीत वाळवून ठेवा, एवढे तर मी मागणारच. पण त्याहून मोठे मागणे वेगळे आहे. तुमच्या घरात, वर्गात, शेजारी कुणाला बरे नसेल आणि तुम्ही त्याला विचारायला गेलात, तर त्याच्याच तोंडून उत्तर येईल अशी जागा करून द्या. आणि ते यायला वेळ लागला तर थांबा. दम लागणाऱ्या माणसाला बोलायला वेळ लागतो.